पाठीला माती लागल्यानंतर : विद्यार्थी-खेळाडूच्या मनाचा एक दुर्लक्षित इतिहास

नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून पहाटे पाचच्या सुमारास बारामतीकडून इंदापूरच्या दिशेने निघाले, की अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतात. कॉलेजातली मुले-मुली धावत असतात. कोणी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तयारी करतो, कोणी पोलीस भरतीची. पुष्कळांच्या बाबतीत ही दोन्ही एकच तयारी असते. जरा आत वळले तर एखाद्या तालमीत हौदातली माती उकरण्याचे काम चाललेले असते.

या मुलांच्या शरीराकडे साऱ्या गावाचे लक्ष असते. दूध किती, बदाम किती, जोर किती, बैठका किती, वजन किती उतरले, याचा हिशेब घरच्यांपासून वस्तादापर्यंत सर्वांना तोंडपाठ असतो. हरल्यावर त्या मुलाच्या शेजारी कोण बसते, हा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही.

खेळाडूचे मानसिक आरोग्य हा अलीकडचा, शहरी, टीव्हीवरच्या चर्चेतला विषय आहे, असा सर्वसाधारण समज असतो. महाराष्ट्रात या विषयाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो तालमीत, वसतिगृहात, प्राचार्यांच्या खोलीत आणि एका गहाणखतात विखुरलेला आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

प्रारंभ तालमीपासून करावा लागेल.

बारामती आणि इंदापूर हे मूळचे अवर्षणग्रस्त तालुके. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या पट्ट्याचे नशीब पालटले. ऊस आला, पुढे वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर असे साखर कारखाने उभे राहिले. कुस्तीला याचा संबंध आहे. पैलवान पोसणे हे खर्चाचे काम. ज्या घरात दुभती जनावरे आणि हातात थोडा रोख पैसा, त्याच घरातला मुलगा तालमीत राहू शकतो. खुराक हा शब्द म्हणूनच नुसता आहाराचा राहत नाही. त्यात बापाचे कर्ज असते, आईने बाजूला काढलेले तूप असते, धाकट्या भावाच्या वाट्याचे दूध असते. आखाड्यात उतरलेला अठरा वर्षांचा मुलगा हे सगळे अंगावर घेऊन उतरतो. कालव्याने आणलेल्या समृद्धीने तालमी भरल्या, त्याबरोबर हे ओझेही आणले.

तालमीला मनाची भाषा नव्हती असे मानणे चुकीचे ठरेल. ‘दम’, ‘जिद्द’, ‘धीर’, ‘रग’ हे सगळे मनाचेच शब्द. वस्ताद हा केवळ डाव शिकवणारा नसे. पठ्ठा रात्री किती वेळ जागा होता, जेवणावरून उठला का, घरून पत्र आल्यावर गप्प का झाला, हे त्याला कळत असे. कारण सगळेच एका छपराखाली झोपत. व्यायामानंतर थोरल्या पैलवानांचे अंग रगडण्याची रीत होती. त्या तासाभरात धाकटी मुले जे बोलत, ते घरी कधीच बोलली नसती. आजच्या परिभाषेत ज्याला आधारगट म्हणतात, त्याचे काम तालमीत अशा तऱ्हेने, नाव नसताना, होत असे.

पण या व्यवस्थेची एक मर्यादा तिच्या भाषेतच दडलेली आहे. पराभवासाठी मराठी कुस्तीकडे अपार शब्दसंपत्ती आहे : चितपट होणे, आस्मान पाहणे, पाठीला माती लागणे. हे सारे शब्द अंगाला घडणाऱ्या गोष्टीचे आहेत. पाठीला माती लागल्यानंतर पुढचे तीन महिने मुलाच्या मनात काय चालते, त्यासाठी तालमीने शब्द घडवला नाही. ‘मन मारून राहणे’ हा गुण मानला गेला. भीती वाटते असे म्हणणाऱ्याला तालमीत जागा नव्हती. आणि मुलींना तर तालमीतच जागा नव्हती. राज्याला महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा पाहायला २०२३ साल उजाडावे लागले. ती सांगलीत झाली.

तालमीतला मुलगा कॉलेजात गेला तेव्हा काय झाले, हे पाहायचे तर बारामतीहून दक्षिणेला कोल्हापुरात जावे लागते. तालीम आणि कॉलेज यांची गाठ तिथे ठळकपणे पडली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली आणि त्याच महाराजांनी १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान पुरे केले. या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. एक ‘शिक्षणकार्य’ म्हणून, दुसरी ‘क्रीडाप्रेम’ म्हणून. खेड्यातून आलेल्या मुलाच्या दृष्टीने मात्र त्या एकाच रस्त्यावर होत्या. तो वसतिगृहात झोपे, कॉलेजात शिके आणि तालमीत घुमे. त्याला दोन गुरू असत, वस्ताद आणि प्राध्यापक, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख असेलच असे नाही.

अशा विद्यार्थ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील पैलवान. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण आणि पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज.

खाशाबांच्या पदकाची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तीच कथा ‘या विद्यार्थ्याच्या पाठीशी, नेमक्या कोणत्या क्षणी, कोण उभे होते?’ एवढाच प्रश्न हाती धरून पुन्हा वाचली, तर ती निराळी दिसू लागते.

पहिला प्रसंग राजाराम कॉलेजातला. खाशाबा अंगापिंडाने लहान. वार्षिक क्रीडास्पर्धेत भाग घ्यायला गेले तेव्हा ही किरकोळ चण पाहून कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. हा नकार एखाद्या विद्यार्थ्याची वाट कायमची बंद करायला पुरेसा असतो. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी वातावरणात अवघडलेल्या मुलाला तर अधिकच. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांना लोळवले. येथे लक्ष द्यायचे ते विजयाकडे नव्हे. विद्यार्थ्याला प्राचार्यांच्या खोलीचा दरवाजा ढकलण्याचा धीर झाला, आणि आत बसलेल्या माणसाने त्याचे ऐकून घेतले, ही त्यातली मोठी गोष्ट.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्यावर. आयुष्य मातीत गेलेल्या या मल्लाला तिथे गादीवर लढायचे होते, आंतरराष्ट्रीय नियम अपरिचित होते. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना थोडे मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. पहिल्याच प्रयत्नात तो मोठा पराक्रम होता.

पुढची चार वर्षे खाशाबांनी तयारी केली, आणि १९५२ च्या निवडीत त्यांना डावलले गेले. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणीवपूर्वक एक गुण कमी देण्यात आला, असा त्यांचा आक्षेप होता. दाद मागायला ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत पोहोचले. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. ही घटना सांगताना ‘अन्यायावर मात’ असे शीर्षक देण्याचा मोह होतो. परंतु पंचवीस-सव्वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्पर्धेऐवजी दाद मागण्यात महिने घालवले, त्या महिन्यांची झोप कोणी मोजली, हा प्रश्न या शीर्षकाखाली झाकला जातो.

निवड झाली, पण पैसे नव्हते. मुंबई राज्याच्या सरकारकडून वेळेवर मदत मिळाली नाही. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, खाशाबा दारोदार फिरले. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजातील त्यांचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर मराठा बँकेकडे गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

या गहाणखताला महाराष्ट्रात विद्यार्थी-खेळाडूला मिळालेल्या मानसिक आधाराचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणावे लागेल. ते आर्थिक साहाय्य होते हे खरेच. परंतु ज्या विद्यार्थ्याने वर्षभर ‘तू बसत नाहीस’ एवढेच ऐकले, त्याला आपल्या गुरूने आपल्यावर घर लावले आहे, हे कळल्यावर जे मिळाले असेल, त्याचा आकडा सात हजारांत मावत नाही. उलट बाजूही विसरता कामा नये : गुरूचे घर गहाण आहे, हे ठाऊक असताना गादीवर उतरणे हे त्या मुलासाठी केवढे दडपण असेल! आधार आणि ओझे एकाच कागदावर होते. खुराकाच्या बाबतीत जे घरोघरी घडते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडले.

आणि मग हेलसिंकी.

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीईबरोबरची लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि खाशाबा ती हरले. इशीई पुढे त्या गटाचा सुवर्णपदक विजेता ठरला. ही दमवणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हविरुद्ध लगेच उतरण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो नियम दाखवून आक्षेप घेण्यासाठी एकही भारतीय अधिकारी त्या क्षणी तिथे उपस्थित नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, ते टेनिसमध्ये लिअँडर पेसने आणले.

कांस्यपदकाची आठवण दरवर्षी निघते. त्या न मिळालेल्या अर्ध्या तासाची आठवण त्यामानाने कमी निघते. कोल्हापुरात ज्याच्यासाठी घर गहाण पडले, त्याच्यासाठी हेलसिंकीत ‘याला जरा बसू द्या’ एवढे म्हणणारा माणूस नव्हता. आधाराची सगळी व्यवस्था व्यक्तींच्या चांगुलपणावर उभी असली, म्हणजे ती व्यक्ती जिथे नसेल तिथे ती संपते. त्या दिवशी ती गादीच्या कडेला संपली.

मायदेशी परतल्यावर कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कुस्त्यांची मैदाने भरवण्याचे. त्या मैदानांत स्वतः लढून मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले. ऑलिम्पिक पदकविजेत्याची परतीनंतरची विश्रांती ती ही. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने कारकीर्द आवरली, १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली, पदोन्नती रेंगाळली, निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात मृत्यू आला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००१ साली. आता राज्य शासन त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा ‘राज्य क्रीडा दिन’ म्हणून पाळते.

मन ही अभ्यासाची वस्तू आहे, खेळाडूचे मन तर विशेषच, ही जाणीव या काळात जगात कुठेच नव्हती काय? होती. अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ साली सायकलपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला : एकट्याने चालवताना आणि दुसऱ्याच्या सोबतीने चालवताना वेगात फरक का पडतो? १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उघडली. ध्यानात घेण्यासारखे हे, की ती एका विद्यापीठात उघडली आणि तिच्या समोरचे खेळाडू विद्यार्थी होते.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९२४ साली, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांना यंत्रांनी मोजायचे होते. कुवलयानंद स्वतः बडोद्याच्या प्रो. माणिकरावांच्या व्यायामशाळेत घडलेले. म्हणजे आखाड्यातूनच प्रयोगशाळेत गेलेले. लोणावळा आणि इलिनॉय यांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी, व्यायाम करणाऱ्या देहाच्या आत आणखी काही मोजण्याजोगे आहे, अशी शंका माणसांना आली. अमेरिकेतल्या त्या शंकेतून कालांतराने विद्यापीठांत पदे निर्माण झाली. आपल्याकडे श्वासाचे शास्त्र योगवर्गात राहिले, खेळाचे शास्त्र मैदानावर राहिले आणि कॉलेजच्या वेळापत्रकात दोघांची तासिका वेगळी पडली.

ती जोडण्याचे काम महाराष्ट्रात पुष्कळ उशिरा झाले, आणि ते करणारा माणूस विद्यापीठातला नव्हताच. भीष्मराज बाम हे भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी. नेमबाजीची आवड, योगाचा गाढा व्यासंग. नाशिकला स्थायिक होऊन त्यांनी खेळाडूंच्या मनावर काम सुरू केले. पातंजल योगातली एकाग्रतेची संकल्पना त्यांनी नेमबाजाच्या, फलंदाजाच्या, बॅडमिंटनपटूच्या रोजच्या सरावात उतरवली. राहुल द्रविड, पुल्लेला गोपीचंद, अंजली भागवत ही त्यांच्याकडे मार्गदर्शन घेतलेल्या खेळाडूंपैकी काही नावे. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचे मराठी पुस्तक. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

या नावांतले अंजली भागवत हे नाव येथे महत्त्वाचे. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात शिकणारी ही विद्यार्थिनी राष्ट्रीय छात्रसेनेमुळे रायफलकडे वळली आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेली. नेमबाजीत मनाचे काम कोणालाच नाकारता येत नाही. हृदयाच्या ठोक्यानेही नेम हलतो. म्हणून या खेळात मानसशास्त्र लवकर शिरले. कुस्ती, कबड्डी, खो-खो यांत मात्र ‘मन’ म्हणजे ‘जिगर’ हे समीकरण टिकून राहिले, आणि बारामती-इंदापूरच्या कॉलेजांतून जास्तीत जास्त मुले-मुली याच खेळांत आहेत.

दरम्यान खेळातली जोखीमच बदलली. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात गुणवान खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण मिळाले. निर्णय स्वागतार्ह होता. खाशाबांच्या वाट्याला आलेली परवड पुढच्यांना टळावी, हा त्याचा आशय. पण त्यातून एक नवी गोष्ट घडली. पूर्वी कुस्ती हरली तर इनाम जाई आणि काही दिवस गावात मान खाली घालावी लागे. आता पदक हुकले तर प्रमाणपत्र हुकते, प्रमाणपत्र हुकले तर नोकरी हुकते, आणि वयाची अट पुढच्या वर्षाची वाट पाहत नाही. अस्थिबंध फाटलेला वीस वर्षांचा कबड्डीपटू गुडघा धरून बसतो तेव्हा तो खेळाचा विचार करत नसतो. घरच्यांनी त्याच्यावर लावलेल्या हिशेबाचा विचार करत असतो. आपली निवड समिती, आपले प्रशिक्षक, आपली वर्तमानपत्रे या बदलाची दखल घेण्यात मागे पडली, असे म्हणण्यास जागा आहे.

याचे परिणाम कोठवर जातात, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने ऐकले. अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून गोंधळ झाला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. त्या गदारोळात डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी स्वतःचा जुना अनुभव जाहीरपणे सांगितला. २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे त्यांनी गदा जिंकली होती. २००९ च्या अंतिम लढतीचा निकाल आपल्याविरुद्ध अन्यायाने गेला, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर आपल्या मनात आत्महत्येचा विचार आला होता, हेही त्यांनी सांगितले.

पंचांचा तो निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे. इतिहासाच्या दृष्टीने नोंद करण्याजोगी गोष्ट दुसरी : राज्यातला सर्वांत बलदंड समजला जाणारा तरुण मरणाच्या विचारापर्यंत पोहोचतो, आणि ही गोष्ट बाहेर यायला पंधरा वर्षांहून अधिक काळ जावा लागतो. तोवर ती विचारण्याचे काम कोणाचेच नव्हते. जगभरात हे मौन थोडे आधी फुटले होते. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने मनाचे कारण उघड सांगून स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा आपल्याकडच्या प्रतिक्रियांत कौतुकाबरोबर ‘आमच्या तालमीत असले चालत नाही’ हा सूरही होता. तालमीत ते चालत नव्हते, एवढे खरे. घडत होते.

कागदावर आता पुष्कळ काही आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू झाला; त्याने मानसिक उपचार हा हक्क मानला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालची व्यक्ती म्हणून पाहण्याची दिशा दिली. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो मोफत आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने शारीरिक तंदुरुस्ती, खेळ आणि विद्यार्थ्यांचे मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांसाठी एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे काढली; लोणावळा आणि इलिनॉयच्या त्या जुन्या शंकेला शंभर वर्षांनी एकाच परिपत्रकात जागा मिळाली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. त्यानंतर या दोन तालुक्यांत कॉलेजे वाढत गेली. शंभर विद्यार्थ्यांची अट यांतल्या बहुतेकांना पहिल्याच दिवशी लागू होते. पण खेळाडूचे दुखणे कॉलेजच्या वेळेत येत नाही. समुपदेशक दहा ते पाच खुर्चीवर असेल. मुलाची पाठ मातीला लागते ती रविवारी संध्याकाळी, जत्रेच्या फडात, हलग्यांच्या कडकडाटात. वजनगटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडलेली मुलगी चिडचिड करते ती परगावच्या स्पर्धेत, धर्मशाळेतल्या मुक्कामात. तिथे सोबत असतात ते शारीरिक शिक्षण संचालक. कॉलेजात बहुधा ते एकटेच. संघ निवडणे, गाडी ठरवणे, जेवणाची पावती घेणे, पंचांशी भांडणे, जखमेवर बर्फ धरणे हे सगळे त्यांच्याकडे. आणि यांतल्या कित्येकांनी, खर्डेकरांच्या रीतीने, स्वतःच्या खिशातून मुलांचे बूट घेतलेले असतात.

याच वाटेने आषाढात तुकोबांची पालखी जाते. बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण होते. अश्व धावतो, मागोमाग टाळकरी, तुळशीवाल्या बाया धावतात. सत्तरीचा म्हातारा फुगडी घालतो. वारकरी यालाही खेळच म्हणतात. कित्येक दिवस चालून थकलेली माणसे त्या धुळीत हसत असतात, आणि कडेला उभ्या गर्दीत तालुक्यातले पैलवानही असतात. त्या खेळात कोणाची पाठ लागत नाही. पैलवानाला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हौदात उतरायचे असते.

स्पर्धांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे भरात येतो. हरलेला संघ बहुधा रात्रीच्या एसटीने परततो. जिंकलेल्यांसाठी गुलाल घेऊन स्थानकावर मित्र आलेले असतात, फलक लागतात, मोबाइलवर छायाचित्रे फिरतात. हरलेला मुलगा पिशवी खांद्याला लावून इंदापूरला किंवा बारामतीला उतरतो, तेव्हा ‘चल, आधी चहा घेऊ’ म्हणणारे कोणी तिथे असेल की नाही, हे आजही त्या गावच्या वस्तादाच्या आणि त्या कॉलेजच्या सरांच्या स्वभावावर ठरते.